मुखदर्शन आणि पदस्पर्श

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या घरी एक छोटासा विधी पार पडतो. आईच्या खाटेजवळच्या स्टुलावर च्यवनप्राशाचा डबा ठेवायचा, त्याला टेकून मोबाइल आडवा उभा करायचा आणि आपल्याच धर्मग्रामाच्या मंदिरातील पहिली मिस्सा लावून द्यायची. आई त्याआधीच तोंड धुऊन, केस विंचरून, डोक्यावर पदर घेऊन तयार असते. २०१८ साली न्हाणीघरात घसरून पडल्यापासून तिचे कंबरेचे हाड नीट जुळले नाही. खाटेवरून उतरणे आता तिच्या नशिबी नाही. पण पदर मात्र ती कधी विसरत नाही. "मिस्सेला बसतेय ना मी," असे ती म्हणते.

अशाच एका रविवारी तिच्यासाठी चहा घेऊन मी दारापाशी आलो. पडद्यावर शांतीच्या अभिवादनाची वेळ झाली होती. धर्मगुरूंच्या सूचनेबरोबर मंदिरातील माणसे एकमेकांकडे वळून हात जोडत होती. आईनेही हात जोडले. आधी उजवीकडे वळली, तिथे भिंत होती. मग डावीकडे वळली, तिथे खिडकी होती. मग तिने मोबाइलकडे पाहून हात जोडले. पण त्यातली माणसे आपापसांत अभिवादन करण्यात गुंतलेली, तिच्याकडे कोण पाहणार? मी दारात उभा आहे हे ध्यानात येताच ती ओशाळली. "सवय रे," एवढेच म्हणाली.

चहा तसाच निवला. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. आई मिस्सेला बसली होती की नव्हती? आणि नसेल, तर त्यात उणे कोणाचे?

प्रारंभीच सांगायला हवे की यंत्रांवर राग काढण्यासाठी हा लेख नाही. ख्रिस्तसभेने नव्या साधनांकडे पाठ फिरवली, असे म्हणणाऱ्याला तिचा इतिहास ठाऊक नाही. आपल्याच भूमीचे उदाहरण घ्या. १५५६ साली गोव्यात छापखाना आला तो येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती. आणि फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, कारण मराठी अक्षरांचे खिळे त्या छापखान्यापाशी नव्हते. लिपी परकी चालेल, पण शब्द आपल्या लोकांच्या कानी मराठीतच पडला पाहिजे, असा तो हिशेब होता. पुढे १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला; तो उभारून देणारा शास्त्रज्ञ साक्षात मार्कोनी, आणि पहिले भाषण पोप पायस अकरावे ह्यांचे, लॅटिनमध्ये. १९४८ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरातील मध्यरात्रीची मिस्सा दूरचित्रवाणीवरून दाखवली गेली. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनने इंटरनेटवर पाऊल ठेवले. त्या कामी जे तीन संगणक बसवले, त्यांची नावे राफाएल, मायकल आणि गॅब्रिएल अशी होती. देवदूत म्हणजे निरोप्या. तेव्हा नावे ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. २००१ च्या नोव्हेंबरात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ओशनिया खंडातील ख्रिस्तसभेसाठी लिहिलेला दस्तऐवज संगणकाची कळ दाबून जगाच्या त्या टोकाला रवाना केला. वयाने आणि आजाराने वाकलेला तो हात त्या दिवशी हजारो मैल पोहोचला.

निरोप पोहोचवायचा असेल, तर साधन जितके वेगवान तितके चांगले, ह्याविषयी वाद नाही. आखातात नोकरी करणारा आपला मुलगा, इस्रायलमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणारी आपली बहीण, सहा-सहा महिने जहाजावर असणारा आपला भाऊ ह्यांना मराठीतले प्रवचन कानी पडते, गावच्या सणाची मिरवणूक दिसते, नोव्हेनाची गीते ऐकता येतात. ह्याचे मोल घरी बसून आपल्याला कळणार नाही. प्रश्न निरोपाचा नाहीच. प्रश्न आहे तो भेटीचा.

२०२० साल आठवा. २५ मार्चपासून सारा देश घरात कोंडला गेला. मंदिरांची दारे बंद झाली. बिशपमहोदयांनी रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून भाविकांना सूट दिली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या चौकात एकटेच पायऱ्या चढत गेले. पाऊस भुरभुरत होता, चौक ओस होता, आणि वादळात सापडलेल्या होडीचे शुभवर्तमान वाचले जात होते. आम्ही पाच जण एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसून ते पाहत होतो. त्या रात्री आम्ही एकटे नव्हतो, ही माझी भावना आजही पक्की आहे. तेव्हा पडद्याने काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्याच वर्षी जुलैत माझी आत्या गेली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. तिचा धाकटा मुलगा परदेशी जहाजावर अडकलेला. चुलतभावाने दफनभूमीत मोबाइल उंच धरला, आणि त्याने भर समुद्रातून आपल्या आईची शवपेटी खड्ड्यात उतरताना पाहिली. नंतर त्याने सगळ्यांचे आभार मानले. दिसले तरी, म्हणाला. दोन वर्षांनी तो घरी आला. सामान ओटीवर टाकले, पाणीही न घेता थेट दफनभूमीत गेला, आणि तोवर गवत उगवलेल्या त्या मातीवर त्याने दोन मुठी माती टाकली. 'मूठमाती' हा आपला शब्द किती नेमका आहे ते मला त्या दिवशी कळले. त्याने सर्व काही पाहिले होते. एक गोष्ट तेवढी करायची राहिली होती, आणि पाहण्याने ती होत नव्हती.

पाहणे आणि असणे ह्यांतले हे अंतर महाराष्ट्राच्या मातीला नवे नाही. पंढरपूरला दोन रांगा असतात. एक मुखदर्शनाची, दुसरी पदस्पर्शदर्शनाची. पहिलीत लवकर आटोपते. दुसरीत तासन्‌तास उभे राहावे लागते, आषाढीला त्याहूनही अधिक. विठ्ठलाचे दर्शन आता मोबाइलवरही मिळते. तरीही ती दुसरी रांग ओसरत नाही. पायाला हात लावायला मिळावा म्हणून म्हातारी माणसे रात्र उभ्याने काढतात. त्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी असली, तरी माणसाच्या देहाला काय हवे असते हे त्या दुसऱ्या रांगेकडे पाहून आपणही शिकावे. आपला प्रभू तर मुळात देह धारण करून आलेला. ज्या धर्माचा पायाच शब्द देहधारी झाला ह्यावर उभा आहे, त्याने तो देह पुन्हा नुसत्या प्रतिमेत विरघळवायचा, हे विपरीत आहे.

४ डिसेंबर १९६३ ह्या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपले पहिले दोन दस्तऐवज जाहीर केले. एक पवित्र उपासनेविषयी, दुसरा जनसंपर्काच्या साधनांविषयी. पहिल्यामुळे आपल्याला मराठीतून मिस्सा लाभली, आणि भाविकांनी ख्रिस्तयागात परक्यासारखे, मुके प्रेक्षक होऊन बसू नये, असा आग्रह त्यात धरला गेला. दुसऱ्याने रेडिओ, चित्रपट, दूरचित्रवाणी ह्यांचे ख्रिस्तसभेत स्वागत केले. ज्यांनी प्रेक्षकपणाला नकार दिला, त्यांनीच त्या दिवशी पडद्यालाही दार उघडले. ही दोन मते एका घरात नांदतील असा त्यांचा विश्वास होता. उपासनेच्या दस्तऐवजात मिस्सेच्या प्रक्षेपणाविषयीही एक वाक्य आहे: ते विवेकाने आणि प्रतिष्ठेने व्हावे, बिशपांनी नेमलेल्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे. आज वेदीपुढे तिपाई लावून उभ्या असलेल्या उत्साही तरुणांना ते वाक्य कोणी दाखवले आहे काय, अशी मला कधी कधी शंका येते. मागच्या नाताळात एका मंदिरात पाळण्याच्या दर्शनाला गेलो, तर कॅमेऱ्याच्या आड येऊ नका म्हणून आम्हालाच बाजूला सारण्यात आले!

मत्तयच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय ह्या बाबतीत मला फार बोलका वाटतो. त्यात एकापाठोपाठ तीन रोगी येतात. पहिला कुष्ठरोगी, येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. दुसरा शताधिपतीचा चाकर. त्याला येशू पाहतही नाही, दुरूनच नुसत्या शब्दाने बरे करतो. तिसरी पेत्राची सासू. येशू तिच्या हाताला हात लावतो आणि ताप निघून जातो. दुरून कृपा पोहोचत नाही असे म्हणणाऱ्याला शताधिपती उत्तर देतो. आणि परमप्रसाद घेण्यापूर्वी आपण जी प्रार्थना म्हणतो, ती त्याच शताधिपतीची आहे, हे विसरता येत नाही. म्हणजे दुरून होणाऱ्या भेटीचे शब्द आपण अगदी जवळच्या भेटीच्या क्षणी उच्चारतो. पण कुष्ठरोग्याचे काय? त्यालाही शब्दाने बरे करता आले असते. नियमशास्त्राप्रमाणे त्याला शिवणे निषिद्ध होते. शब्दाने भागवणे सोयीचे होते, शिष्टसंमतही होते. तरी येशूने हात पुढे केला. त्या माणसाला किती वर्षांत कोणी शिवले नव्हते, कोण जाणे. त्याच्या कातडीइतकीच ही दुसरी जखमही प्रभूला दिसली असावी, असे मी समजतो.

पत्रे लिहिणारे प्रेषितही हेच जाणत होते. संत पौलाने आपल्या काळचे साधन, म्हणजे पत्र, इतक्या कौशल्याने वापरले की दोन हजार वर्षांनी ते आपण मंदिरात वाचतो. परंतु थेस्सलनीकाकरांना लिहिताना तुमचे तोंड पाहण्याची मला तळमळ लागली आहे, हेच तो पुन्हा पुन्हा सांगतो. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक तर शेवटी लेखणी ठेवून म्हणतो की पुष्कळ लिहायचे आहे, पण कागद आणि शाईने नको. समक्ष येऊन बोलू, म्हणजे आनंद पूर्ण होईल.

ह्याच धाग्याने ख्रिस्तसभेची अलीकडची शिकवण गेली आहे. २००२ साली व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क मंडळाने इंटरनेटचे मनापासून स्वागत केले आणि त्याच दस्तऐवजात स्पष्ट केले की इंटरनेटवर संस्कार नसतात. १७ एप्रिल २०२० च्या सकाळच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस ह्यांनी एक प्रांजळ कबुली दिली. पुनरुत्थान सणाची मिस्सा रिकाम्या महामंदिरात करण्याचा त्यांचा बेत ऐकून एका बिशपांनी त्यांना खडसावले होते: एवढे मोठे मंदिर, निदान तीस माणसे तरी बसवा! त्या रागावण्यामागचा अर्थ आधी आपल्या लक्षात आला नाही, असे पोप महोदय म्हणाले. मग उमगले की माणसांवाचूनची, संस्कारांवाचूनची ख्रिस्तसभा हे आपले घर नव्हे, बोगदा आहे, आणि बोगद्यातून बाहेर यायचे असते. २०२३ साली व्हॅटिकनने समाजमाध्यमांविषयी जे चिंतन प्रसिद्ध केले, त्यात साधीच गोष्ट सांगितली आहे: पडद्यातून एकत्र जेवता येत नाही.

धडधाकट माणसांसाठी इतके पुरे. त्यांचे ढोंग आपल्याला ठाऊक आहे, कारण ते आपलेच आहे. मीही एका पावसाळ्यात दोन रविवार घरी बसून मिस्सा 'केली'. प्रवचन चालू असताना बोंबील साफ केले, आणि अर्पणविधीच्या वेळी दूधवाल्याचा हिशेब. पडद्याला त्याचे काही वाटत नाही. तो रागावत नाही, की शेजारच्या बाकावरून डोळे वटारून पाहत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी ज्याला संतपद बहाल केले तो कार्लो अक्युतिस, संगणकात रमणारा मुलगा, २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याने इंटरनेटवर काय मांडले? परमप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती. आणि स्वतः रोज मिस्सेला जात राहिला, पायी. लोकांना वेदीपर्यंत आणण्यासाठी तो संगणकाकडे वळला होता. वेदीकडे जाणे टाळण्यासाठी नव्हे.

खरी अडचण माझ्या आईसारख्यांची आहे. तिला जाता येत नाही. कायद्याने ती मोकळी आहे. आजाऱ्याला रविवारचे बंधन नाही, तेव्हा मिस्सा पाहिली काय, न पाहिली काय, तिच्या माथी पाप नाही. देवाने तारणाला संस्कारांची जोड दिली, पण तो स्वतः संस्कारांनी बांधला गेलेला नाही. डोक्यावर पदर घेऊन खिडकीला हात जोडणाऱ्या म्हातारीकडे यायला त्याला कॅमेरा लागत नाही आणि मंदिराचे दारही लागत नाही. मनोमन परमप्रसाद घेण्याची जी प्रार्थना ती पुटपुटते, ती ऐकली जाते ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मग उणे कोठे आहे?

मला वाटते, आपण प्रश्न चुकीच्या माणसाला विचारतो. आईला मिस्सा 'मिळते' का, हे विचारत बसतो. आईला आम्ही काय देणे लागतो, हे विचारतच नाही.

२०२० पूर्वी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या घरी परमप्रसाद येत असे. कधी धर्मगुरू, कधी धर्मग्रामातील प्रापंचिक सेवक घेऊन येत. आदल्या रात्री आई स्टुलावर पांढरे कापड घालायला लावी. मेणबत्ती, क्रूस, पाण्याचा पेला. शेजारच्या दोघी-तिघी बायका डोक्यावर पदर घेऊन येत, गुडघे टेकत. विधी दहा मिनिटांचा; पण मग चहा होई, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या वाडीतली केळी पडली, सारे बोलणे होई. ते बोलणे विधीचा भाग नव्हते, असे मी आता म्हणणार नाही.

साथीत हे बंद झाले ते योग्यच. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. आमचा पहिला शुक्रवार मात्र परत आला नाही. धर्मग्रामाला वाटले, ह्यांच्या घरी मोबाइलवर मिस्सा लागते, सोय झालेली आहे. मला वाटले, बोलावणे येईल तेव्हा येईल. खरे सांगायचे तर मला काही वाटलेच नाही, आदल्या रात्रीची धावपळ वाचली होती. आणि आईला वाटले, आता हीच नवी पद्धत! हे तिने मला त्या अभिवादनाच्या रविवारनंतर सांगितले, सहज, तक्रारीच्या सुराविना. तीन वर्षे ती असे धरून चालली होती की ख्रिस्तसभेने आजाऱ्यांच्या घरी परमप्रसाद नेणे बंद केले आहे.

मी मंदिराच्या कचेरीत गेलो. आजाऱ्यांची वही काढली गेली. आईचे नाव होते. पुढे बारीक अक्षरात 'ऑनलाइन' असे लिहिलेले. लिहिणाऱ्याला दोष देववेना. त्याने वहीत लिहिले, मी मनात लिहिले होते.

संत क्लारेची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. नाताळच्या रात्री ती आजारी होती. तिच्या भगिनी प्रार्थनेला निघून गेल्या आणि ती मठात एकटी पडली. तेव्हा दूरच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरातील गीते तिच्या कानी आली आणि तिला गव्हाणीचे दर्शन झाले. ह्याच प्रसंगावरून पोप पायस बारावे ह्यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत ठरवले. पण कथेची एक गंमत आहे. जुन्या चरित्रात ती केवळ ऐकते आणि पाहते. पुढे लोकांनी संत फ्रान्सिसच्या कथा सांगता सांगता त्यात भर घातली: प्रभूने तिला उचलून सदेह मंदिरात नेले, तिने परमप्रसाद घेतला, आणि मग तिला खाटेवर आणून ठेवले. दिसण्या-ऐकण्यावर त्या साध्या लोकांचे समाधान झाले नाही. आपल्या लाडक्या संताला नुसते पाहून परत पाठवणे त्यांच्या मनाला पटेना. आणि मूळ कथेत तिला तो दृष्टान्त का हवा होता? तिच्याजवळ बसायला त्या रात्री कोणी नव्हते म्हणून.

आता पहिला शुक्रवार सुरू झाला आहे. कचेरीतून चौकशी केली, तेव्हा त्या वहीत तशी आणखी काही नावे निघाली. त्यांच्याकडेही जाणे सुरू झाले आहे. परमप्रसाद नेणारे सेवक कमी पडतात. मला विचारले गेले, मी हो म्हटले. पहिल्या दिवशी हात कापत होते. एका घरात म्हाताऱ्या बाबांना मी कोण हे आधी कळेना. मग माझ्या वडिलांचे नाव सांगितल्यावर त्यांनी मला अर्धा तास सोडले नाही.

रविवारची मिस्सा मोबाइलवर चालूच आहे. ती बंद करावी असे मला वाटत नाही. फरक एवढाच की शेजारची एक काकू तिच्या गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढू शकत नाही, ती आता आमच्याकडे येऊन बसते. तिच्याबरोबर तिचा नातू कधी येतो, कधी कंटाळून पळतो. मी साडेआठच्या मिस्सेला जातो, तोवर चहाचे बघतो. मागच्या रविवारी विश्वासांगीकाराच्या मध्यावर नेटवर्क गेले आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिले. नातू मोबाइल घेऊन अंगणात धावला. काकूने आईला विचारले, "कुठवर आलो होतो आपण?" आईने सांगितले, आणि दोघींनी तिथून पुढे म्हणायला सुरुवात केली.